विंचूदंश आणि वेळेचे मोल

कोकणात काळ्या इंगळीचा धाक मोठा. प्रत्यक्षात जीवघेणा ठरतो तो लहानसा लाल विंचू. त्याच्या विषाने चेतातंतू अनावर उत्तेजित होतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावरील भार असह्य होतो व फुप्फुसांत पाणी साचते. दरदरून घाम, वांती, थंडगार हातपाय ही पूर्वचिन्हे होत. वेदना कमी आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. बालकांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पूर्वी गंभीर दंशाचे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरील गोळी वापरण्यास प्रारंभ केला आणि हे प्रमाण पुष्कळ खाली आले. गोळीसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरे होतात, असे त्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

गोळी अल्पमोली आहे. महाग पडतो तो मांत्रिकाकडे गेलेला वेळ. प्रतिविषाच्या कुपीस मात्र मुदत असते. न वापरता मुदत संपलेली कुपी हिशेबात तोटा म्हणून दाखवावी लागते. वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही मी तिला तोटा मानत नाही, आणि देणगीदारांनीही मानू नये, ही विनंती.