मोजून पाच शेंगदाणे

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. धाकटी तीन वर्षांची असताना वीसपर्यंत घडाघडा म्हणायची. पाहुणे कौतुक करायचे. पण ‘पाच शेंगदाणे दे’ म्हटलं की मूठभर पुढे करायची. घरी ठेवून आपलं चुकतंय का, अशी धास्ती वाटायची.

मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० मध्ये नेमकं हेच दाखवलं. आकडे म्हणणं वेगळं. मोजताना शेवटी येणारा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे उमगणं वेगळं. मुलांना आधी ‘एक’ कळतो, मग ‘दोन’, मग ‘तीन’. पूर्ण उलगडा बहुधा साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास होतो.

परवा पोहे करताना तिनं मोजून पाच दाणे हातावर ठेवले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाठांतराची घाई नको; ताटं मांडताना मुलांना मोजू द्या.