रुग्णाच्या उशाशी

विद्यार्थी मित्रांनो, आजारी नातेवाइकाला भेटायला तुम्ही कधी ना कधी रुग्णालयात गेला असाल. तेथे डॉक्टर येतात, रुग्णाला तपासतात, औषधे लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. परिचारिका, म्हणजे आपण ज्यांना 'सिस्टर' म्हणतो त्या, इंजेक्शन देतात, सलाइन लावतात. पण रुग्णाचे अंग कोण पुसते? त्याला कुशीवर कोण वळवते? व्हीलचेअरवर बसवून त्याला एक्स-रेच्या खोलीपर्यंत कोण नेते? रात्री दोन वाजता त्याची नाडी मोजून तक्त्यावर कोण लिहिते? या कामांत परिचारिकेला मदत करणारा एक माणूस असतो. त्याला रुग्णसहायक म्हणतात.

पूर्वी वॉर्डबॉय आणि आया ही कामे पाहून पाहून शिकत. आता त्यांचे रीतसर शिक्षण मिळते. 'जनरल ड्यूटी असिस्टंट' या नावाचा अभ्यासक्रम मुलगे व मुली दोघांनाही करता येतो. तो काही महिन्यांचा असतो. त्यातला काही काळ वर्गात जातो आणि काही काळ प्रत्यक्ष रुग्णालयात, अनुभवी सिस्टरच्या हाताखाली. तेथे काय शिकवतात, ते आपण पाहू.

पहिला धडा असतो हात धुण्याचा. तुम्ही म्हणाल, "यात शिकण्यासारखे काय आहे? हात तर आम्ही रोजच धुतो." मग ही हकिकत ऐका. ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका विभागात सुइणी काम करत आणि दुसऱ्यात डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी. आश्चर्य असे, की डॉक्टरांच्या विभागातच जास्त बाळंतिणी तापाने दगावत. १८४६ साली त्या विभागात शंभरांपैकी सुमारे अकरा स्त्रिया मरण पावल्या. तेथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की विद्यार्थी शवांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींकडे येतात. १८४७ साली त्यांनी नियम केला, की प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुऊनच आत यावे. १८४८ साली मृत्यूंचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. केवळ हात स्वच्छ झाले होते.

म्हणून रुग्णसहायकाला हात धुण्याची पद्धत पायरीपायरीने शिकवतात. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके, काहीही सुटता कामा नये. साबण व पाण्याने नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि हात लावल्यानंतर, दोन्ही वेळा हात धुवायचे. एका खाटेवरचे रोगजंतू दुसऱ्या खाटेवर न्यायचे नाहीत, हे त्यामागचे कारण.

दुसरा धडा असतो मोजण्याचा. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब ही चार मोजमापे शरीराची खबर देतात. नाडी मोजताना तर्जनी आणि मधले बोट रुग्णाच्या मनगटावर, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला ठेवतात. मोजणाऱ्याने आपला अंगठा ठेवायचा नसतो, कारण अंगठ्यातही ठोके जाणवतात आणि आपलेच ठोके रुग्णाचे म्हणून मोजले जाऊ शकतात. घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजायचे. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. लहान मुलांची त्याहून जलद असते. श्वास मोजताना मात्र रुग्णाला सांगायचे नाही. 'आता तुमचा श्वास मोजतो' असे म्हटले, की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावर हात तसाच मनगटावर ठेवतात आणि छातीच्या हालचालीकडे पाहून श्वास मोजतात.

मोजलेला आकडा लगेच तक्त्यावर लिहायचा आणि तो खराच लिहायचा. या नियमाचे महत्त्व एका उदाहरणाने समजेल. समजा, एका रुग्णाचे पोटाचे ऑपरेशन झाले आहे. संध्याकाळी त्याची नाडी ८४ होती. रात्री दहा वाजता ती ९६ झाली, बारा वाजता ११२ आणि दोन वाजता १२४. रुग्ण डोळे मिटून पडला आहे. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, की तो शांत झोपला आहे. पण हे चढते आकडे सांगत असतात, की पोटात कोठेतरी रक्तस्राव होत असावा. तक्ता पाहताच सिस्टर डॉक्टरांना बोलावते आणि वेळेवर उपचार सुरू होतात. आता कल्पना करा, की रात्रपाळीच्या सहायकाला झोप अनावर झाली. त्याने नाडी मोजलीच नाही. मागचाच आकडा पाहून पुन्हा ८४, पुन्हा ८४ असे लिहून टाकले. त्या दोन अंकांमुळे रुग्णाचा जीव जाऊ शकतो. एखादे मोजमाप राहून गेले, तर 'राहिले' असे सिस्टरला सांगावे. बोलणी खावी लागली तरी चालेल. खोटा आकडा मात्र लिहू नये.

तिसरा धडा आहे रुग्णाला हाताळण्याचा. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याच्या पाठीवर, माकडहाडावर आणि टाचांवर सतत दाब पडतो. तेथील रक्तपुरवठा मंदावतो आणि कातडी फाटून जखमा होतात. त्यांना 'बेडसोर' म्हणतात. त्या टाळण्यासाठी अशा रुग्णाला साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवतात. अंथरुण कोरडे ठेवतात, चादरीला सुरकुती राहू देत नाहीत. रुग्णाला उचलण्यापूर्वी काय करणार आहोत ते त्याला सांगायचे, खाटेच्या चाकांना ब्रेक लावायचा आणि स्वतः कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायचे. नाहीतर उचलणाऱ्याचीच पाठ धरते. लकव्याने एक हात लुळा पडलेल्या माणसाला सदरा घालताना आधी लुळ्या हातात बाही घालतात. काढताना मात्र आधी चांगल्या हातातून काढतात. युक्ती लहानच आहे, पण तिच्यामुळे रुग्णाला त्रास होत नाही.

रुग्णालयातला कचराही साधा नसतो. २०१६ साली केंद्र सरकारने त्याविषयी नियम केले. त्यानुसार रक्ताचा कापूस व मलमपट्ट्या पिवळ्या पिशवीत, हातमोजे व प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत आणि काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या डब्यात टाकतात. सुया व ब्लेड यांसाठी न टोचणारा पांढरा डबा असतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नसते, कारण तेव्हाच ती बोटाला टोचण्याची भीती असते. चुकीच्या पिशवीत टाकलेली एक सुई सफाई कामगाराच्या हातात घुसू शकते.

आता तुमच्या विशेष उपयोगाची एक गोष्ट सांगतो. तुमच्या घरी आणि शाळेत उर्दू आहे. वर्गात तुम्ही मराठी शिकत आहात. रुग्णालयात या दोन्ही भाषा फार मोलाच्या ठरतात. कित्येक शब्द तर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत. दवाखाना, इलाज, जखम, तब्येत हे शब्द फारसी व अरबीतून मराठीत आले आणि येथलेच झाले. तुमचा मरहम मराठीत 'मलम' झाला. बुखारला मराठीत 'ताप' म्हणतात आणि नब्जला 'नाडी'. पण काही शब्द फसवे असतात. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत 'खाली' म्हणजे वर नव्हे ते, नीचे. उद्या ऑपरेशन असलेल्या एखाद्या मराठी आजीला तुम्ही 'खाली पेट' राहायला सांगितले, तर ती गोंधळात पडेल आणि सकाळी चहा पिऊन मोकळी होईल. भूल दिल्यावर पोटातले पदार्थ वर येऊन फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. त्यामुळे ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. म्हणून तिला सांगावे, "आजी, उद्या सकाळी उपाशीपोटी राहायचे. चहासुद्धा घ्यायचा नाही." मग तिच्याच तोंडून ते पुन्हा वदवून घ्यावे. उलट, भिवंडी किंवा मालेगावहून आलेल्या एखाद्या खाला आपले दुखणे उर्दूत सांगत असतील, तर ते सिस्टरला मराठीत नीट समजावून सांगणारा सहायक सर्वांनाच हवासा वाटतो.

रुग्णसहायकाने आपली मर्यादाही ओळखली पाहिजे. स्वतःच्या मनाने औषध देणे, इंजेक्शन टोचणे, सलाइनचा वेग बदलणे ही त्याची कामे नाहीत. कोणी कितीही आग्रह केला तरी "मी सिस्टरना विचारतो" असेच उत्तर द्यावे. रुग्णाच्या आजाराविषयी बाहेर बोलू नये. शेजारच्या माणसाला कोणता रोग झाला आहे, हे गल्लीत सांगणे म्हणजे त्याचा विश्वास मोडणे होय. रुग्णाला पुसताना पडदा ओढून घ्यावा. आजारी माणसालाही लाज असते, मान असतो.

या क्षेत्रात जायचे असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वी चौकशी करा. संस्थेला मान्यता आहे का, प्रत्यक्ष रुग्णालयात काम शिकवतात का, परीक्षा कोण घेते, प्रमाणपत्र कोण देते, हे प्रश्न विचारा. फी भरल्याची पावती घ्या. थोड्याच दिवसांत 'डॉक्टरसारखे' काम शिकवू असे सांगणाऱ्यांपासून दूर राहा. पुढे शिकण्याची वाटही आहे. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलींना सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच ए.एन.एम., हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. त्यासाठी वय किमान १७ वर्षे असावे लागते. हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर महाराष्ट्रात परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. ए.एन.एम. झालेल्या परिचारिका खेड्यांतील आरोग्य उपकेंद्रांत काम करतात. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीसाठी असे एक उपकेंद्र असावे, असा नियम आहे.

मित्रांनो, या शिक्षणाची सुरुवात तुम्ही आजही करू शकता. आज घरी गेल्यावर साबणाने चांगले हात धुवा. आजोबांना किंवा दादीला पाच मिनिटे स्वस्थ बसवा. त्यांच्या मनगटावर दोन बोटे ठेवा, समोर घड्याळ ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. मध्येच मोजणी चुकली, तर अंदाजाने आकडा सांगू नका. पुन्हा पहिल्यापासून मोजा. मग कागदावर तारीख, वेळ आणि आलेला आकडा लिहा. चांगला रुग्णसहायक रोज हेच करतो, आणि त्याच्या लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून डॉक्टर इलाज करतात.