हिवताप, पण कोणता?

मी कला शाखेचा विद्यार्थी. इतिहास, मराठी आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावीन असे वाटले नव्हते. पण गेल्या पावसाळ्यात बाबा गडचिरोलीकडच्या रस्त्याच्या कामावरून परतले ते थंडीताप घेऊनच. एकाने रक्त न तपासताच 'साधा मलेरिया' म्हणून गोळ्या दिल्या. ताप हटेना. शेवटी त्यांना बाभुळगावला सरकारी दवाखान्यात नेले.

तेथील प्रयोगशाळेतल्या साहेबांनी बोटाला सुई टोचून एकाच काचेवर रक्ताचे दोन नमुने घेतले; एक जाड ठिपका, दुसरा पातळ पसरलेला. "दोन कशाला, साहेब?" मी विचारले. त्यांनी जे समजावले तेच येथे मांडतो.

जाड ठिपक्यात थोड्या जागेत पुष्कळ रक्त असते. रंग देताना त्यातल्या तांबड्या पेशी विरघळतात आणि जंतू असल्यास उघडा पडतो. तो आहे की नाही, हे येथे लवकर कळते. पातळ नमुना आधी मिथेनॉलने पक्का करतात, म्हणून पेशी शाबूत राहतात. जंतूची जात नुसत्या जंतूवरून नव्हे, तो ज्या पेशीत शिरला तिच्यावरूनही ओळखतात. भाडेकरूची ओळख घरावरून पटावी, तसे हे झाले.

आपल्या देशात मुख्यतः दोन जाती आढळतात. व्हायव्हॅक्स शिरलेली पेशी फुगते, तिच्यात बारीक गुलाबी ठिपके दिसतात आणि आतला जंतू वेडावाकडा पसरतो. फाल्सिपेरमची पेशी मात्र फुगत नाही. तिच्यात नाजूक अंगठी असते, कधी कडेला चिकटलेली, कधी एकाच पेशीत दोन-तीन. वाढ झालेले जंतू बोटाच्या रक्तात क्वचितच सापडतात, कारण ते मेंदूसारख्या अवयवांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. हा ताप जीव घेतो तो त्यामुळेच. मलेरी नावाची तिसरी जात पेशीत आडव्या पट्ट्यासारखी दिसते, ती थोडी.

साहेबांनी मलाही पाहू दिले. प्रथम माझ्याच पापण्या दिसल्या! मग एक जांभळा ठिपका सापडला म्हणून मी ओरडलो, तर तो रक्तातलाच बिंबाणू निघाला. मग त्यांनी काच किंचित सरकवली. निळी अंगठी, तिला लाल खडा. बाबांच्या रक्तातली. फाल्सिपेरम.

१८८० मध्ये अल्जीरियात लाव्हराँ यांनी हा जंतू रंग न देता ओळखला होता. मला रंग देऊनही दिसेना! साहेब तर जाड ठिपक्याची निदान शंभर क्षेत्रे पाहिल्याविना 'जंतू नाही' असे लिहीत नाहीत.

जात कळल्याखेरीज औषध ठरत नाही. व्हायव्हॅक्स यकृतात दडून राहतो, म्हणून त्याला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस. माझ्या धाकट्या भावाला तो झाला होता. ताप उतरला म्हणून आम्ही पाचव्या दिवशी गोळ्या थांबवल्या आणि दोन महिन्यांनी ताप परतला. बाबांचे औषध निराळे, तीन दिवसांचे आर्टेसुनेटचे मिश्र औषध, शिवाय प्रायमाक्विन एकदाच.

आठवड्याने पुन्हा रक्त तपासले. अंगठी एकही नव्हती. दोन चंद्रकोरी मात्र होत्या. फाल्सिपेरमच्या या रूपाने माणसाला ताप येत नाही, पण डासावाटे रोग पुढे जातो तो याच रूपाने. "औषध झालंय, तरी काही दिवस मच्छरदाणीतच झोपवा," साहेब म्हणाले. आमच्या घरी मच्छरदाणी एकच, ताईच्या बाळाची. त्या रात्री बाळ आणि बाबा एकाच मच्छरदाणीत झोपले नाहीत. मी दुसरी उसनी आणली.