कस लागतो तो कडेला

गाडीच्या काचेला फिल्म लावताना बघत उभं राहिलं, की पहिली दहा मिनिटं फसवी असतात. दाराच्या काचेवर शाम्पूचं पाणी फवारलं, फिल्म ठेवली, पट्टीने चार हात मारून पाणी बाहेर काढलं, की झालं, असं वाटतं. मधला भाग खरंच कुणीही लावतो. कारागिराचा कस लागतो तो कडेला, आणि सगळ्यात जास्त डिकीकडच्या काचेला.

पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात एका सेडान गाडीचं काम चाललं होतं. डिकीची काच ज्याच्या हातात होती तो पोरगा पंचविशीच्या आतला. बाकीची पोरं त्याला ‘उस्ताद’ म्हणत होती, आणि ते थट्टेने नव्हतं. त्याच्या जोडीदाराची दोन दारं उरकली तरी याची फिल्म अजून काचेच्या बाहेरच्या अंगालाच होती.

फिल्म लागते आतून, पण तिला आकार दिला जातो बाहेरून. कारण साधं आहे. आत, मागच्या सीटवर आडवं पडून, मान तिरकी करून हीट गन चालवणं महाकठीण. बाहेर हात मोकळे राहतात आणि काचेचा बाक दोन्हीकडून जवळपास तोच. मात्र हा बाक दुहेरी असतो. काच आडवी वळलेली असते आणि उभीही. नारळाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून बघा, म्हणजे अडचण कळेल. सपाट फिल्म मध्ये बसते आणि वर-खाली तिच्या चुण्या उभ्या राहतात. कागदाची चुणी दुमडता येते, फिल्मची नाही. तिला आकसवावंच लागतं.

उस्तादने आधी कोरड्या काचेवर पावडर चोळली, साधी अंगाला लावायची. फिल्म काचेवर अडकू नये, सरकावी, म्हणून. मग ओल्या फडक्याने मधोमध एक आडवी रेघ ओढली आणि दोन्ही टोकांना एकेक उभी. तेवढ्याच ओलीवर फिल्म धरून राहिली. जादाचा सगळा फुगवटा हाताने सारून त्याने वरच्या आणि खालच्या कडेला नेला आणि सारख्या अंतरावर वाटून टाकला. एक मोठी चुणी होती, तिच्या चार बारीक केल्या. “काका, चुणी मारायची नसते, आधी पसरवायची असते,” तो म्हणाला. मोठ्या चुणीवर थेट हीट गन धरली तर फिल्म गोळा होते, दुमड पडते, आणि पडलेली दुमड पुन्हा निघत नाही. मग तुकडा फेकायचा.

हीट गन सुरू झाली तेव्हा त्याचा हात एका जागी थांबलाच नाही. गरम वारा चुणीवरून फिरतो, फिल्म किंचित थरथरते आणि बघता बघता काचेला चापून बसते. लगेच मागून कडक पट्टीचा एक हात. एकाच जागी उष्णता धरली तर फिल्म जळतेच, शिवाय काच तडकायची भीती. ही फिल्म पॉलिएस्टरची, आणि ती मुख्यतः रोलच्या लांबीच्या दिशेने आकसते. त्यामुळे तुकडा कापतानाच दिशा बघावी लागते. चुकीच्या दिशेने कापलेला तुकडा कितीही तापवा, चुण्या जागच्या हलत नाहीत. नवखे इथेच फसतात आणि दोष हीट गनला देतात.

यातली पळवाटही सांगायला हवी. डिकीच्या काचेवर धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या तांबूस रेघा असतात. काही दुकानांत फिल्मचे दोन तुकडे करतात आणि जोड बरोबर एका रेघेवर बसवतात. लांबून दिसत नाही. पण तो सांधा पुढे तिथूनच सुटतो, धूळ धरतो, आणि मागून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात पांढरी रेघ चमकते.

त्या डिफॉगरचं आणखी एक दुखणं म्हणजे जुनी फिल्म काढणं. रेघा काचेच्या आतल्या पृष्ठभागावर असतात. गोंद खरवडताना ब्लेड आडवं-तिडवं गेलं की रेघ तुटते, आणि तेवढी ओळ पावसाळ्यात धुकं धरून बसते. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही त्याच काचेत असते. वाफ देऊन गोंद मऊ करायचा आणि फिल्म सावकाश ओढायची, एवढाच सुरक्षित मार्ग. वेळखाऊ आहे, म्हणून गर्दीच्या दिवशी टाळला जातो.

काचेच्या कडेला काळे ठिपके असतात ना, त्यांची गोष्ट वेगळी. ते ठिपके हाताला खरबरीत लागतात, कारण काचेपेक्षा किंचित वर आलेले असतात. फिल्म त्यांच्यावर टेकते, मधल्या फटीत हवा राहते आणि कडेने राखाडी-पांढरा पट्टा दिसतो. फिल्म आतून लावल्यावर उस्तादने तिथे पुन्हा गरम वारा दिला आणि पट्टीच्या टोकाने एकेक इंच दाबत नेला. तरी पट्टा थोडा राहिलाच. त्याने तो लपवला नाही; गाडीच्या मालकाला बोलावून दाखवला. मला हे आवडलं.

दारांच्या काचांना त्रास होतो तो खालच्या बिडिंगचा. त्यातल्या मखमली पट्टीचे तंतू आणि माती ओल्या गोंदाला चिकटतात, आणि आत अडकलेला कण कायमचा. म्हणून आधी बिडिंगवर पाणी मारून, टेप लावून कचरा दाबून टाकतात. छोट्या तिकोनी काचा मात्र निव्वळ बोटांचं काम. तिथे पट्टी शिरतच नाही.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिल्म लावण्यावरच बंदी घातली. पुढे याच मर्यादांचा नियम १०० बदलला, १ एप्रिल २०२१ पासून तो लागू झाला, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या मर्यादेत बसणारी फिल्म चालेल असं म्हटलं. तरी नाक्यावरचा हवालदार हा निकाल वाचून उभा नसतो. आणि एक हिशेब दुकानदार सहसा सांगत नाही: काच स्वतःही उजेड अडवते. ७५ टक्के उजेड सोडणाऱ्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली, की उरतो जेमतेम साडेबावन्न टक्के. बाजूच्या काचेला तो चालेल, मागच्या काचेला नाही.

काम झाल्यावर आत पाण्याचे धुरकट डाग दिसतील. ते काही दिवसांत वाळतात. तोवर काचा खाली करू नका आणि अमोनियाचा क्लीनर लांब ठेवा. फिल्म कुठल्या कंपनीची हे विचारण्याआधी एकच विचारा: डिकीची काच एका तुकड्यात लावणार की दोन? ‘दोन’ असं उत्तर आलं, तर पुढचं दुकान गाठा.