पार्मिजानो रेज्जानो: दूध, मीठ आणि वेळ

पास्तावर भुरभुरतो ते 'पार्मेझान' आणि खरं पार्मिजानो रेज्जानो यांत खूप फरक आहे! खरं चीज फक्त उत्तर इटलीत, पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मान्तोव्हाच्या ठरावीक भागातच बनतं.

🧀 संध्याकाळच्या धारेचं दूध रात्रभर ठेवून साय काढतात. त्यात सकाळचं ताजं दूध घालून ते तांब्याच्या मोठ्या कढईत ओततात. विरजण म्हणून आदल्या दिवशीची निवळी!
🧀 दूध फाटलं की त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे कण करून 55 अंशांपर्यंत तापवतात.
🧀 चीजच्या एका चाकासारख्या गोल गड्ड्याला सुमारे 550 लिटर दूध लागतं. वजन साधारण 40 किलो.
🧀 मग मिठाचं पाणी आणि किमान 12 महिने मुरणं. तपासनीस छोट्या हातोडीने ठोकून, आवाजावरून आतली पोकळी ओळखतो.

जुन्या चीजमध्ये दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण मिठाचे नसतात, ते टायरोसिन हे अमिनो आम्ल असतं.

सोबत त्याच मातीतली फेसाळती लाल वाइन, लाम्ब्रुस्को. तिचा आंबटपणा चीजचा तुपकटपणा छान कापतो.

शाकाहारी मंडळींनो, यात दूध फाडण्यासाठी वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असतं, हे ध्यानात ठेवा.