संत्र्याच्या पेशींतून व्हायरॉइडचा प्रवास

वाशीमसह विदर्भात संत्र्याचे कलम जंबेरी किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर डोळा बांधून केले जाते. डोळ्यात एक्झोकॉर्टिस व्हायरॉइड असल्यास तो खुंटातही उतरतो. सुमारे ३७१ न्यूक्लिओटाइडांचा हा वर्तुळाकार आरएनए. त्याला प्रथिनाचे कवच नाही व तो एकही प्रथिन घडवीत नाही. मग तो एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातो कसा?

विषाणू स्वतःची वहनप्रथिने बनवितात. व्हायरॉइड वनस्पतीचीच यंत्रणा वापरतो. १९९७ मध्ये बटाट्याच्या व्हायरॉइडचा आरएनए पर्णमध्य पेशींत टोचला असता वेगाने पसरला. पक्व रक्षक पेशींत मात्र तो तेथेच राहिला. या पेशींना शेजारी पेशींशी जोडणाऱ्या प्लास्मोडेस्माटा या सूक्ष्म नलिका नसतात. दूरचा प्रवास परिकाष्ठातील अन्नरसाबरोबर होतो.

रंगपूर लाईमची साल तडकते. जंबेरी सहनशील असल्याने रोग दिसत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे. चाकू ज्योतीवर क्षणभर धरणे (प्रात्यक्षिकांत आपण हेच शिकवितो) येथे पुरेसे नाही. हायपोक्लोराइटचे द्रावण लागते. शेंड्याच्या विभाजी ऊतीत व्हायरॉइड सहसा पोहोचत नाही. म्हणून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या सूक्ष्मकलमातून रोगमुक्त रोपे तयार केली जातात.