सोबतीला कोण आहे?

दवाखान्यात भेटायला गेलं की आपण कॉटवरच्या माणसाला विचारतो, "आता कसं वाटतंय?" कॉटशेजारी चटई पसरून बसलेल्या बाईला कुणी विचारतं का हो?

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मी सतरा रात्री त्या चटईवर काढल्या. पहिले चार दिवस त्यांना शुद्धच नव्हती. धास्ती फार होती, पण बरंचसं काम नर्सबाई करीत. दमछाक सुरू झाली ती पुढे. त्या शुद्धीवर आल्या, डॉक्टर म्हणाले, "सुधारणा आहे," आणि घरचे सगळे निर्धास्त झाले. इकडे दर दोन तासांनी कूस बदलायची, बेडपॅन द्यायचा, टेकवून बसवून चमच्याचमच्याने भरवायचं, ठसका लागत नाही ना ते बघायचं. पेशंट सुधारला की सोबतीणीचं काम वाढतं, हे आधी कोणी सांगत नाही!

एका पहाटे तिसऱ्यांदा चादर ओली झाली आणि मी त्यांच्यावर ओरडले. त्यांना बोलता येत नव्हतं. डाव्या हाताने त्यांनी नुसता माझा पदर धरून ठेवला.

कितीतरी दिवस वाटे, आपला स्वभावच वाईट. मग वाचनात आलं की १९८० साली अमेरिकेत स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या २९ वृद्धांच्या घरच्यांची पाहणी केली होती. शुश्रूषा करणाऱ्याला वाटणारं ओझं आजाऱ्याच्या विचित्र वागण्यावर नव्हे, तर बाकीचे नातलग किती वेळा येऊन जातात यावर ठरत होतं. म्हणजे पाहा!

आता एक कामाची गोष्ट. कूस बदलताना काखेत हात घालून ओढू नका; लुळा खांदा दुखावतो आणि आपली कंबरही धरते. चादरीची घडी खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी घाला आणि दोघींनी दोन्हीकडून धरून वळवा. घरी सोडण्याआधी नर्सबाईंकडून एकदा करून घ्या, लाजू नका.

मी जाऊबाईंना "जमलं तर या" असं म्हणणं सोडलं. "मंगळवार आणि शुक्रवारची रात्र तुमची," असं सरळ सांगितलं. तोंड वाकडं करून का होईना, त्या आल्या. मी घरी गेले आणि न जेवता दहा तास झोपले.